शे इंजिन सकाळी उठत नाही अन् वळणावर लंगडतं

वऱ्हाडी_शंटर
१४ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आता गळ्याशी आलं म्हणून धागा काढतोय.

मी दारव्हा तालुक्यातला. कापूस, तूर, थोडा हरभरा. शकुंतला या आमच्याकडच्या नॅरो गेज गाडीचा रूळ आमच्या धुऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. लहानपणी तिचं वाफेचं इंजिन रोज पाहिलं, १९९४ मध्ये ते जाऊन डिझेल आलं, आता रुळांत गवत उभं आहे. तो नाद डोक्यातून काही गेला नाही, म्हणून माडीवर साडेआठ बाय चार फुटांच्या प्लायवर मॉडेल रेल्वेचा लेआउट मांडलाय. प्रमाण १:४८, पण रूळ एचओचे (म्हणजे १:८७ च्या मॉडेलांचे), १६.५ मिमीचे. शकुंतलेचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ७६२ मिमी. त्याला ४८ ने भागलं की १५.९ येतात. उरलेला फरक माझ्या डोळ्यांना दिसत नाही, कुणाला दिसत असेल तर कृपया सांगू नये.

लाइन मात्र शकुंतलेची नाही, मनातली आहे. आलापल्लीच्या जंगलातून सागवानाची लाकडं खाली आणणारी. लाकडं म्हटली की शे इंजिन पाहिजेच, म्हणून एक जुनं, वापरलेलं घेतलं. भाचा परदेशातून येताना पिशवीत बनियनांच्या मधे गुंडाळून घेऊन आला.

ज्यांना शे ठाऊक नाही त्यांच्यासाठी: शे म्हणजे शंभर नव्हे, एफ्राइम शे या मिशिगनच्या लाकूडवाल्याचं आडनाव. त्याचं पेटंट १८८१ चं, इंजिनं बनवली ओहायोतल्या लायमा कारखान्याने. आपल्या नेहमीच्या इंजिनात दट्ट्या दांड्यांनी थेट चाक ढकलतो. शेमध्ये सिलिंडर उभे, तेही फक्त उजव्या अंगाला. ते एक क्रँकशाफ्ट फिरवतात, तो शाफ्ट इंजिनाच्या कडेने पुढेमागे जातो आणि बेव्हल गिअरने (काटकोनात फेरा वळवणाऱ्या, तिरक्या दातांच्या) दोन्ही बोगींची सगळी चाकं फिरवतो. उजवीकडे एवढं वजन आलं म्हणून बॉयलर डावीकडे सरकवलेला. समोरून पाहिलं तर एका खांद्यावर पोतं घेतलेल्या हमालासारखं दिसतं. वेग बैलगाडीच्या वरचा, सायकलच्या आसपासचा. पण चढ असा चढतं की बघत राहावं.

माझ्या मॉडेलमध्येही तसंच आहे, शोभेचा शाफ्ट नाही. मोटर बॉयलरमध्ये, तिच्यावर वर्म (स्क्रूसारखा गिअर), मग एक मधला गिअर, मग क्रँकशाफ्टवरचा प्लास्टिकचा छोटा गिअर, आणि पुढे खऱ्यासारखं सगळं शाफ्टमधून.

आता दुखणं. सकाळी इंजिन हलतच नाही. कंट्रोलर पूर्ण पिळला की गुरगुरतं, कण्हतं, मग सरकतं. दुपारी बारानंतर तेच इंजिन बरं चालतं. चालताना टक्-टक् आवाज येतो, आणि त्या टकसरशी किंचित हिसका. तिसरं म्हणजे उजव्या वळणावर अडखळतं. त्रिज्या ४५ सेंमी आहे, म्हणजे शेसाठी फार आवळ नाही. रूळ पुसलेत, वायरी पाहिल्यात. काहून असं होत असावं?

---

पॉइंट्समन_पुणे
१४ डिसेंबर, रात्री १०:१५

वा, आपल्याकडे शे! स्वागत.

सकाळी-दुपारी फरक पडतो म्हणजे व्होल्टेजचा प्रश्न असू शकतो. ग्रामीण फीडरवर सकाळी पंप चालू असतात ना? माझ्या मते सरळ डीसीसी, म्हणजे डिजिटल कंट्रोल, करून घ्या. इंजिनात चांगला डिकोडर (त्याची चिप) टाकला की मोटरकडून उलट येणारा दाब मोजून तो वेग आपोआप सावरतो. हिसके दिसेनासे होतील.

---

मोतीबाग_फिटर
१४ डिसेंबर, रात्री १०:५२

दिसेनासे होतील, जातील नाही. पुणेकर, राग मानू नका. मी नॅरो गेजच्या शेडमध्ये एकतीस वर्षं काढली. मेकॅनिकल दुखणं इलेक्ट्रिकखाली झाकलं की ते आतल्या आत वाढतं आणि एक दिवस हातात येतं. डिकोडर नंतर टाका, आधी इंजिन साध्या डीसीवर नीट चालू द्या.

शंटरभाऊ, एकच विचारतो. तेल कोणतं घातलं?

---

वऱ्हाडी_शंटर
१४ डिसेंबर, रात्री ११:०५

काका, घरात होतं ते. खोबरेल.

---

मोतीबाग_फिटर
१४ डिसेंबर, रात्री ११:०७

झोपा आता. सकाळी उठून डोक्याला लावायच्या बाटलीकडे पाहा, मग लिहा.

---

वऱ्हाडी_शंटर
१५ डिसेंबर, सकाळी ७:३०

पाहिली. दगड झालाय. 😔 थर्मामीटर नाही घरात, पण ओट्यावर बसवत नाही एवढी थंडी आहे.

---

टॉर्करेंच
१५ डिसेंबर, सकाळी ९:१०

😂😂 माफ करा दादा. पण हे भारी आहे. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. तुमच्याकडे आता पहाटे त्याच्या निम्मंही तापमान नसेल. म्हणजे सकाळी तुमची मोटर मेणात गाडलेले गिअर फिरवतेय. बारा वाजता माडीचे पत्रे तापले की मेण वितळतं. व्होल्टेजचा काही संबंध नाही.

मल्टिमीटर असेल तर डीसी अँपिअरवर लावून कंट्रोलर आणि रुळाच्या मधे जोडा. सकाळचा आणि दुपारचा आकडा टाका. (मी अकोल्याला डिप्लोमाला आहे, मेकॅनिकल, दुसरं वर्ष.)

---

वऱ्हाडी_शंटर
१६ डिसेंबर, दुपारी १:२०

घ्या. सकाळी सातला ४१० मिलिअँपिअर, आणि इंजिन मुंगीच्या चालीने. आत्ता एक वाजता २३०. कंट्रोलर तेवढाच.

आता काढू कसं? घरी पेट्रोल आहे, थिनर आहे, कोरोनातलं सॅनिटायझर आहे पाच लिटर.

---

पॉइंट्समन_पुणे
१६ डिसेंबर, दुपारी २:००

थिनर अजिबात नको! बॉडीचं प्लास्टिक विरघळेल. पेट्रोलही नको, रंग जाईल आणि जिवाला धोका वेगळा. सॅनिटायझरमध्ये बहुतेकदा ग्लिसरीन असतं, स्पिरिट उडून जातं आणि चिकटा मागे राहतो. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मागा, ते बोर्ड धुवायला तेच वापरतात.

(फिटरकाका, राग नाही. डिकोडरचं मागे घेतो, तूर्तास.)

---

बॉबिनताई
१६ डिसेंबर, दुपारी ३:३५

मी शिवणकाम करते, हिंगणघाटला. ट्रेन मुलाची, दुरुस्ती माझी, असं आमचं वाटप आहे. 🙂

दादा, धुण्याआधी सुई आणि चिमटा घेऊन चाकांच्या आसांवर पाहा. तुमच्याकडे कापसाचं घर, आमच्याकडेही. मशीनच्या बॉबिन केसखाली तेल आणि कापसाचा भुसका मिळून असा नमदा बसतो की सुरीने कापून काढावा लागतो. तुम्ही तर त्यात खोबरेल घातलंय! ते शिळं झालं की चिकटतं. आयपीएने नमदा विरघळत नाही, नुसता ओला होतो. आधी कोरडा ओढून काढा, मग धुवा.

आणि मशीनचं तेल चालतं का म्हणाल तर पितळी बुशला चालतं, पण बाटलीच्या नळीने नाही. सुईच्या टोकावर येईल तेवढंच. मोटरच्या कॉम्युटेटरवर तर थेंबही नको, कार्बन ब्रश कालवून काळी चटणी होते.

---

मोतीबाग_फिटर
१६ डिसेंबर, रात्री ८:१५

ताई शंभर टक्के बरोबर. प्लास्टिकच्या गिअरला मात्र तेल नको, प्लास्टिकला चालणारं पांढरं ग्रीस, तेही दातांना नुसतं चाटवल्यासारखं. जास्त ग्रीस म्हणजे जास्त धूळ.

---

वऱ्हाडी_शंटर
२२ डिसेंबर, रात्री ८:५०

वेचणीला माणसं मिळाली होती, त्यात आठवडा गेला. आता ऐका.

बोगी खोलली. ताई, तुम्ही ओट्यावर बसून पाहिल्यासारखं सांगितलं. मागच्या बोगीच्या आसाभोवती एवढा कापूस गुंडाळला होता की त्याची वात वळली असती. तेलाने पिवळी पडलेली. चाकातून करंट घेणाऱ्या पट्ट्या त्याच्याखाली दाबलेल्या.

आणि सापडलेली दुसरी गोष्ट. क्रँकशाफ्ट आणि बोगी यांच्यामधला शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, चौकोनी दांडी चौकोनी नळीत सरकते. त्या नळीत तेल आणि कापूस ठासून भरला होता. टाचणीने कोरून काढला तेव्हा बंदुकीतून काडतूस निघावं तसा निघाला.

धुतलं, वाळवलं, तेल सुईने, ग्रीस चाटवलं, बसवलं. सकाळी सातला १९० मिलिअँपिअर! उजव्या वळणावर अडखळणं पण जवळपास गेलं. ते काहून गेलं, कोणी सांगेल का? टक्-टक् मात्र तशीच आहे.

---

मोतीबाग_फिटर
२२ डिसेंबर, रात्री ९:३०

शाफ्ट उजव्या बाजूला आहे ना? उजव्या वळणावर तीच बाजू आत येते. बोगी फिरते आणि तिचा उजवा कोपरा इंजिनाच्या मध्याकडे येतो, म्हणून सरकती दांडी नळीत आत घुसायला बघते. नळीत कापूस भरलेला, जागाच नाही. मग ती बोगीला ढकलते, चाक रुळाच्या कडेला घासतं. डाव्या वळणावर उलट, दांडी बाहेर येते. फारच आखूड असेल तर निसटून लोंबते.

एक गंमत. तुमचं लंबगोल लेआउट असेल तर इंजिन रिव्हर्स घेऊन "डावं वळण" तपासता येत नाही. रिव्हर्स घेतलं तरी उजवी बाजू आतच राहते. उचलून तोंड फिरवून ठेवा, मगच खरी परीक्षा. आमच्याकडे नवीन पोरं यातच चकायची, इंजिनाची उजवी बाजू म्हणजे ड्रायव्हर पुढे तोंड करून बसला की त्याची उजवी, मग इंजिन कुठेही का जाईना.

आता टक् मोजा. चाकाला एक खूण करा, बोटाने हळू ढकला, एका फेऱ्यात किती टक् होतात ते लिहा.

---

वऱ्हाडी_शंटर
२३ डिसेंबर, सकाळी ८:०५

बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका लावला (विचारून). वर्ममुळे चाक हाताने फिरत नाही, म्हणून कंट्रोलर अगदी मंद ठेवून मोजलं. चाकाच्या एका फेऱ्यात दोन टक्. पुन्हा पुन्हा दोनच.

---

टॉर्करेंच
२३ डिसेंबर, सकाळी ८:४०

शाफ्टचे किती फेरे होतात चाकाच्या एका फेऱ्यात?

---

वऱ्हाडी_शंटर
२३ डिसेंबर, सकाळी ८:५५

बेव्हलचे दात मोजले. शाफ्टवर १२, चाकावर २४. म्हणजे दोन.

---

टॉर्करेंच
२३ डिसेंबर, सकाळी ९:००

मग सापडलं की. चाकावरचा गिअर फुटला असता तर एका फेऱ्यात एकच टक् झाली असती. दोन होतात म्हणजे जी वस्तू दोन फेरे घेते ती फुटलीय, म्हणजे शाफ्टवरची. आणि शाफ्टवर प्लास्टिकचा एकच गिअर आहे म्हणालात. भिंग घ्या आणि दोन दातांच्या मधल्या खाचेत पाहा.

---

वऱ्हाडी_शंटर
२३ डिसेंबर, रात्री १०:२०

तालुक्याच्या घड्याळवाल्याकडून डोळ्याचं भिंग आणलं. आहे. केसाएवढी चीर, बरोबर एका खाचेतून थेट शाफ्टपर्यंत. त्या जागी दोन दात फाकलेत. बाकीचे सगळे ठणठणीत.

फेविक्विक लावून पाहू?

---

पॉइंट्समन_पुणे
२३ डिसेंबर, रात्री १०:४०

नको. हे गिअर बहुधा ॲसिटलचे असतात. त्या प्लास्टिकला कुठलाही साधा गोंद धरत नाही, ते जणू मेणाचं. वर फेविक्विक वाहत जाऊन बुशमध्ये शिरला तर शाफ्टच चिकटेल.

हे गिअर फुटतात ते बहुतेकदा ताणाने. कारखान्यात धातूच्या शाफ्टवर दाबून घट्ट बसवलेले असतात. वर्षानुवर्षं तो ताण सहन करतात, आणि मग सगळ्यांत पातळ जागी, म्हणजे दाताच्या मुळाशी, सुटतात. न चालवता डब्यात ठेवलेलं इंजिनही असं फुटतं. बदलणं हाच उपाय. दात किती, बाहेरचा व्यास किती?

माझ्याकडे हाइसलर आहे, शेसारखंच गिअरवर चालणारं इंजिन, त्याला हे भोगून झालंय. त्यात सिलिंडर व्ही आकारात आणि शाफ्ट मधोमध. शिवाय बोगीच्या चाकांना बाहेरून दांड्या, त्यामुळे गिअर बदलताना दोन्ही बाजूंचे क्रँक ९० अंशांत राखायची डोकेदुखी वेगळी. शेला दांड्या नाहीत, तेवढं तुमचं नशीब.

---

वऱ्हाडी_शंटर
२४ डिसेंबर, संध्याकाळी ६:३०

१४ दात. व्हर्नियरने ६.५ मिमी. शाफ्ट २ मिमीचा.

ऑनलाइन खेळण्यांच्या गिअरचं पाकीट मिळतं ना ऐंशी-शंभर नगांचं, ते मागवलंय. त्यात १४ दातांचा असेलच.

---

टॉर्करेंच
२४ डिसेंबर, संध्याकाळी ७:१०

थांबा दादा. चिरेच्या जागेवर मोजलं का? तिथे फाकलाय म्हणून जास्त येईल. चिरेपासून दूर मोजा. मग व्यास भागिले दात अधिक दोन, तो झाला मॉड्यूल, म्हणजे दाताचं माप. ६.४ आले तर ६.४ भागिले १६, म्हणजे ०.४. पाकिटातले गिअर ०.५ मॉड्यूलचे असतात. १४ दातांचा ०.५ म्हणजे ८ मिमी. बसणारच नाही.

---

वऱ्हाडी_शंटर
३० डिसेंबर, रात्री ९:००

नाही बसला. पण पैसे वाया म्हणू नका, त्या पाकिटात १२ दातांचा होता, त्याचा व्यास ७, म्हटलं बसवून पाहू. बसला नाही तो नाहीच, वरून मधल्या गिअरला जाम झाला. दोन दात कमी म्हणजे वेगही बदलला असता हे नंतर कळलं. पाकीट आता पुतण्याकडे आहे, तो त्याचा पंखा बनवतोय.

परत मोजलं, ६.४ च. ०.४ मॉड्यूलचे १४ दाती मागवलेत, पाच नग.

---

टॉर्करेंच
३० डिसेंबर, रात्री ९:२०

😄 छिद्र बघून घ्या. त्या दुकानांत "१४२ए" असं लिहितात, म्हणजे १४ दात, २ मिमी शाफ्ट, ए म्हणजे घट्ट. बी म्हणजे सैल. ए घेतलात तर भोक १.९५ असतं.

---

मोतीबाग_फिटर
३० डिसेंबर, रात्री ९:४५

ए घ्या, पण ठोकून बसवू नका, नाहीतर दोन वर्षांनी याच धाग्यावर परत याल. २ मिमीचा ड्रिल बिट हातात धरून, मशीनला न लावता, भोकातून दोनदा फिरवा. बोटाने दाबलं की जाईल आणि फिरणार नाही एवढा घट्ट ठेवा. फिरला तर शाफ्टला त्या जागी कानसचे चार ओरखडे द्या, मग रिटेनिंग कंपाउंडचा (गिअर शाफ्टवर धरून ठेवणाऱ्या रसायनाचा) एक थेंब.

दोन गिअरांत किती फट ठेवायची? सिगरेटच्या पाकिटातला चांदीचा कागद दातांत घालून फिरवा. चुरगळून निघाला पाहिजे, फाटून नाही.

---

बॉबिनताई
३१ डिसेंबर, सकाळी १०:१०

चांदीचा कागद मिठाईच्या डब्यातला चालेल का? आमच्याकडे सिगरेट कोणी ओढत नाही.

---

मोतीबाग_फिटर
३१ डिसेंबर, सकाळी १०:३०

चालेल. मिठाई इकडे पाठवा.

---

वऱ्हाडी_शंटर
११ जानेवारी, रात्री १०:३५

गिअर आले. काकांनी सांगितलं तसं केलं, मकरसंक्रांतीच्या तिळगुळाच्या कागदाने फट पाहिली. टक्-टक् गेली. सरळ रुळावर असं चालतं की आवाज फक्त गिअरच्या गुणगुणीचा. एक मीटर अंतर बारा सेकंदांत. हिशोब केला, खऱ्या इंजिनाचे तासाला साधारण १४ किलोमीटर. शेला शोभेल असं.

पण.

आता दोन्ही वळणांवर डुलतंय. तोंड फिरवून ठेवलं तरी तेच. अडखळत नाही, हिसका नाही, नुसतं बदकासारखं पुढेमागे, पुढेमागे. ठिपका मोजला: चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा. आधी हे नव्हतं! मी चांगलं करायला गेलो अन् बिघडवून बसलो. सरळ रुळावर काहीच नाही.

---

पॉइंट्समन_पुणे
११ जानेवारी, रात्री ११:००

बेव्हल गिअरला कुठे कचरा?

---

टॉर्करेंच
११ जानेवारी, रात्री ११:१५

कचरा असता तर सरळ रुळावरही दिसला असता. शाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा, फक्त वळणावर... हे काहीतरी युनिव्हर्सल जॉइंटचं (वाकड्या कोनातही फेरा पुढे देणाऱ्या सांध्याचं) आहे. सरांना विचारतो उद्या.

---

वऱ्हाडी_शंटर
१३ जानेवारी, दुपारी ४:४५

सरांना विचारायची गरज नाही. मिळालं उत्तर, आणि तेही रोटाव्हेटरच्या खाली.

झालं असं. आमच्या ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर गावातल्या मिस्त्रीकडे नेला होता. त्याचं काम चालू, मी बसलो बाजेवर, खिशात इंजिन. (हो, खिशात. दोन दिवस तेच डोक्यात होतं.) त्याने पीटीओचा, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद रोटाव्हेटरला देणारा, शाफ्ट काढून जमिनीवर ठेवला. दोन्ही टोकांना क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट), मधे सरकती दांडी. मी एकदम इंजिन काढलं आणि शेजारी ठेवलं. तीच वस्तू! एक साडेतीन फुटांची, एक साडेतीन सेंटिमीटरची.

मिस्त्रीने चष्मा डोक्यावर सरकवला, इंजिन डोळ्यापाशी नेलं, पुढचा शाफ्ट नखाने हलवून पाहिला. म्हणाला, "हे कोनं बसवलं?"

"मी."

"मंग तं डुलनच ना, भाऊ. एकाचे कान उभे हायेत अन् दुसऱ्याचे आडवे. मागचा पाह्य, त्याचे दोन्हीचे कान सारखे हायेत. तो बराबर. हा पुढचा नाई."

मग त्याने जमिनीवरचा मोठा शाफ्ट घेऊन दाखवलं. मधल्या शाफ्टच्या दोन टोकांना दोन योक (क्रॉस धरणारे दोन कानांचे चिमटे) असतात, त्यांचे कान एकाच रेषेत पाहिजेत. एक क्रॉस वाकड्या कोनात फिरला की पुढचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा पळतो, दोनदा मंदावतो. कान सारखे असले की दुसरा क्रॉस ते उलटं करून बरंचसं फेडतो. कान आडवे-उभे लागले तर फेडायच्या ऐवजी दुप्पट करतो. "रोटाव्हेटरले असं लावलं तं पयल्याच दिशी क्रॉस तुटते. तुयं इंजिन हलकं हाय म्हून नुसतं डुलून रायलं."

आणि खरी मेख: चौकोनी दांडी चौकोनी नळीत चार तऱ्हांनी जाते. त्यातल्या दोन बरोबर, दोन चूक. धुताना मी दोन्ही शाफ्ट वेगळे केले नव्हते, टाचणीने बाहेरूनच कोरलं होतं. गिअर बदलताना मात्र दोन्ही ओढून काढले आणि परत खुपसले, खूण न करता. मागचा नशिबाने बरोबर लागला, पुढचा चुकला. म्हणून मागची बोगी एका चालीने जायची आणि पुढची डुलायची, दोघींची ओढाताण.

तिथेच बाजेवर बसून नळीतून दांडी काढली, चौथाई फेरा फिरवली, परत घातली. घरी येऊन वळणावर सोडलं. गेलं.

मिस्त्रीने पैसे घेतले नाहीत. म्हणाला, एकदा दाखव चालताना. संक्रांतीला येणार आहे पोरांना घेऊन.

---

टॉर्करेंच
१३ जानेवारी, संध्याकाळी ५:२०

जबरदस्त!! सरांनी आज सूत्र सांगितलं, ते वाया जाऊ देत नाही. वीस अंशांच्या कोनात एका क्रॉसमुळे वेग साधारण ६ टक्के वर आणि ६ टक्के खाली होतो. दोन क्रॉस उलटे लागले तर तेच १२-१३ टक्के. दहा अंशांना मात्र एका क्रॉसचा जेमतेम दीड टक्का, म्हणून मोठ्या त्रिज्येच्या वळणावर कोणाला कळतही नाही. आणि सरळ रुळावर कोनच नाही, मग डुलणार कुठून.

---

मोतीबाग_फिटर
१३ जानेवारी, रात्री ८:००

मी एकतीस वर्षं दांड्यांच्या इंजिनांवर काम केलं, माझ्या ध्यानात हे यायला हवं होतं तरी आलं नाही, कारण दांड्यांच्या इंजिनाला क्रॉस नसतो. मिस्त्रीला माझा नमस्कार सांगा.

एक काम करा, आज रात्रीच. दांडी आणि नळी या दोन्हींवर त्याच नेलपॉलिशने एकेक ठिपका, समोरासमोर. पुढच्या वेळी खोलाल तेव्हा ठिपक्याला ठिपका.

---

पॉइंट्समन_पुणे
१३ जानेवारी, रात्री ९:१०

मीही आत्ता माझं क्लायमॅक्स (हेही गिअरचंच इंजिन) तपासलं, त्यातही मधल्या शाफ्टला क्रॉस आहेत. पाच वर्षं वळणावर किंचित डुलायचं, मी समजत होतो की खऱ्या इंजिनाचं रूपच तसं. कान आडवे-उभे. 🤦

---

बॉबिनताई
१४ जानेवारी, सकाळी ९:३०

सगळ्यांना तिळगूळ! दादा, माझ्या मुलाच्या इंजिनातही चाकाच्या एका फेऱ्यात एकदा टक् येतेय असं काल या धाग्यावरून मोजून पाहिलं. चीर आहे. १४ दात, ६.४. तुम्ही पाच नग मागवले होते ना, उरलेत का?

---

वऱ्हाडी_शंटर
१४ जानेवारी, सकाळी ९:५५

ताई, चार उरलेत. दोन पाकिटात घालून पोस्टाने टाकतो, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. भोक आधीच फिरवून ठेवलंय, ठोकू नका.

आणि मिस्त्री आलाय. चहा ठेवून येतो, मग इंजिनाला दहा लाकडाचे डबे लावून चढावर सोडतो.